उळवीच्या पावसात मीटर आणि मापनयंत्रे: काय करावे, काय टाळावे

गेल्या आषाढात उळवीच्या वाटेवरच्या एका वाडीतला तरुण वायरमन मल्टिमीटर घेऊन आला. उजव्या हाताची दोन बोटे भाजलेली.

"काका, मीटर शून्य दाखवत होता. म्हणून हात घातला."

मीटर उघडला. आत काहीच बिघडलेले नव्हते. काळ्या वायरीतली तार प्लगच्या मुळाशी आतल्या आत तुटली होती, वरचे रबर मात्र धड होते. तार तुटली की समोर २३० व्होल्ट असले तरी मीटर शून्याच्याच आसपास घुटमळणार. पोरगा वाचला, हे त्याच्या आईचे नशीब.

ही यादी त्याच्यासाठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता वाढली. आमच्याकडे काळी नदीच्या खोऱ्यात मोठी वीजगृहे आहेत: सुपा, नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा. खाली कैगाला अणुवीज केंद्र आहे. तिथली एक क्रमांकाची अणुभट्टी ९६२ दिवस अखंड चालून ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबवली, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. अशा ठिकाणी मापनयंत्रांना वातानुकूलित खोली असते, तपासणीचे वेळापत्रक असते. जोयडा तालुक्यातल्या वायरमनचा, सोलर दुरुस्त करणाऱ्याचा, टॉवरवर चढणाऱ्या मुलाचा मीटर मात्र कोयता, पक्कड आणि जेवणाचा डबा असलेल्या पिशवीत असतो. त्याला वर्षातले चार-पाच महिने ओल खाते. आमच्याकडे यंत्र वयाने मरत नाही, ओलीने मरते. मरण्याआधी ते बरेच दिवस खोटे बोलते, आणि खरा धोका त्या दिवसांत असतो.

मृगाआधी

करावे: रोहिणी लागली, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की सगळी यंत्रे बाहेर काढावीत आणि प्रत्येकातले सेल तपासावेत. अल्कलाइन सेल फुटला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात जाते. पांढरी-हिरवी पूड दिसली तर कापसाच्या बोळ्याने थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती निष्प्रभ करावी, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. जुन्या यंत्रांत बोर्डालाच डाग दिलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. तिची गळतीही क्षारधर्मी, उपाय तोच. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे ॲसिड उडाले असेल तर मात्र उलटे: तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावावा. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती किंचित आम्लधर्मी असते, तिला पाणी आणि अल्कोहोल पुरते.

टाळावे: सेल आत ठेवून मीटर चार महिने कपाटात टाकणे. माझ्याकडे पावसानंतर येणाऱ्या मीटरांत या एकाच कारणाने मेलेले सर्वांत जास्त.

करावे: रबरी कडेचा हवाबंद डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेल घालावे. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवे होतात. रंग बदलला की १२० अंशांच्या आसपास दोनेक तास तापवून ते पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते. त्यासाठी जुना पत्र्याचा डबा वेगळा ठेवावा, स्वयंपाकाची कढई मुळीच नको.

करावे: ऑसिलोस्कोप (स्कोप), सिग्नल जनरेटर अशा डब्यात न मावणाऱ्या यंत्रांसाठी कपाटाच्या तळाला १५ वॉटचा तारेचा बल्ब पेटता ठेवावा. लाकडापासून वीतभर लांब, वर जाळी. यामागे साधे गणित आहे. २४ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा २९ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास येते. हवेतले पाणी तेवढेच, पण हवेची धारणा वाढलेली. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ८० टक्के दिलेली असते. पाच अंशांची ऊब तुम्हाला मर्यादेच्या आत आणते.

टाळावे: एलईडीचा बल्ब लावून तेच काम होईल असे समजणे. त्याची ऊब फारच थोडी.

टाळावे: मीटर तांदळाच्या डब्यात पुरणे. भिजलेल्या मोबाइलसाठी सुरू झालेला हा उपाय. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, त्याचा भुसा मात्र स्विचमध्ये शिरतो.

टाळावे: चुलीवरच्या फळीवर यंत्र सुकत ठेवणे. आमसुले तिथे सुकतात, कारण त्यांना धूर बाधत नाही. धुराचे काजळ बोर्डावर बसले की ते स्वतःच ओल धरते आणि दोन रेषांमध्ये वीज झिरपवते. मेगाओहमच्या मापात तो बोर्ड मग कायमचा चुकतो.

टाळावे: कपाटात डांबरगोळ्या. नॅप्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि जुन्या यंत्रांतले कितीतरी चांगले कपॅसिटर पॉलिस्टायरीनचेच असतात.

पाऊस लागल्यावर

करावे: आठवड्यातून एकदा प्रत्येक यंत्र तासभर चालू ठेवावे. ते स्वतःच्या उबेने सुकते आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा आतला थरही टिकून राहतो.

करावे: स्कोपच्या आणि जनरेटरच्या बीएनसी तोंडांना टोपणे लावावीत. कुंभारीण माशीला तेवढे भोक घरटे बांधायला पुरते. एकदा एका सिग्नल जनरेटरचे आउटपुट पूर्ण बंद झाले होते; तोंडात मातीचा गोळा आणि आत अळी. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, धान्याच्या कोठीला ठेवतात तसे.

टाळावे: सिलिका जेलशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवणे. आत कोंडलेली आषाढातली हवा बाहेरच्यापेक्षा बरी नसते.

टाळावे: गारठलेले यंत्र उबदार खोलीत आणून लगेच चालू करणे. पहाटेच्या धुक्यातून आणलेल्या किंवा एसी गाडीतून उतरवलेल्या यंत्रावर दव धरते, आणि ते आत दिसत नाही. पिशवी न उघडता अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे. दव पिशवीवर धरू दे.

वीज, कडकडाट आणि अर्थिंग

करावे: वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी ढग वाजले की प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. बटनाच्या दोन पट्ट्यांतले अंतर विजेच्या लाटेला अडवायला फार कमी आहे. अँटेनाची किंवा सोलरची वायर जोडलेली असेल तर तीही काढावी.

करावे: न्यूट्रलवर लक्ष ठेवावे. जंगलातल्या लाइनवर फांदी पडून न्यूट्रल तुटला की घरातल्या एकेका फेजवर ४०० व्होल्टांपर्यंत दाब येऊ शकतो. महागड्या यंत्राआधी ओव्हर-व्होल्टेज कटऑफ लावावा; तो यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

टाळावे: चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर अचूक मापे घेणे. सरासरीवर चालणारे मीटर तिथे चुकीचा आकडा देतात. ट्रू आरएमएस मीटर असेल तरच विश्वास ठेवावा.

करावे: अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मोजावे. जांभ्या जमिनीत पावसाळ्यात कुठल्याही खड्ड्याचे अर्थिंग चांगले दिसते, कारण सगळी जमीनच ओली असते. खरी परीक्षा कोरड्या वैशाखात. जुलैमधल्या चांगल्या आकड्यावर समाधान मानलेली कितीतरी अर्थिंगे मे महिन्यात निकामी निघतात. अर्थ टेस्टरची मधली खुंटी लांबच्या खुंटीच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठोकावी. मग ती दोन-तीन वेळा थोडी मागे-पुढे सरकवून आकडा तोच राहतो का ते पाहावे. राहत नसेल तर लांबची खुंटी आणखी लांब न्यावी.

माप घेताना

करावे: लाइन बंद आहे हे ठरवताना तीन पायऱ्या. आधी ज्या ठिकाणी वीज आहे हे नक्की माहीत आहे तिथे मीटर लावून पाहावा. मग ज्या तारेवर काम करायचे तिथे. मग पुन्हा त्या पहिल्या ठिकाणी. जिवंत, मेलेली, जिवंत. तिसरी पायरी लोक सोडतात, आणि मीटर मधल्याच मापात मेला असेल तर तीच एकटी सांगते. वरच्या पोराने पहिली पायरी जरी केली असती तरी बोटे भाजली नसती. या यादीतले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, ही ओळ पाठ असावी.

टाळावे: निऑनच्या टेस्टरवर, म्हणजे बल्बच्या स्क्रूड्रायव्हरवर, जीव टाकणे. उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, कोरड्या पायाने लाकडी शिडीवर उभे राहिल्यास तो पेटतही नाही. फेज शोधायला ठीक, फेज नाही हे ठरवायला नाही.

करावे: रोज सकाळी प्रोबची दोन टोके एकमेकांना टेकवून ओहम बघावा. अर्ध्या ओहमपेक्षा जास्त दाखवत असेल किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारत असेल तर वायर बदलावी. चिकटपट्टी लावून चालवू नये.

टाळावे: फुटलेल्या फ्यूजच्या जागी काचेचा फ्यूज किंवा चांदीचा कागद. चांगल्या मीटरात वाळूने भरलेला चिनी मातीचा फ्यूज असतो, हजार व्होल्ट तोडण्याच्या क्षमतेचा. काचेचा फ्यूज वितळतो, पण त्यातून ठिणगीचा पूल तसाच राहतो आणि मीटर हातात फुटतो. बाजारात तसाच फ्यूज मिळाला नाही तर ॲम्पियरचे भोक बंद करून टाकावे, मीटर फक्त व्होल्ट-ओहमसाठी वापरावा.

टाळावे: ॲम्पियर मोजल्यावर लाल वायर त्याच भोकात ठेवणे. पुढचा माणूस व्होल्ट मोजायला जातो आणि थेट शॉर्ट करतो.

करावे: इन्सुलेशन मोजणारा मेगर लावण्याआधी त्याच्याच वायरी उघड्या ठेवून हँडल फिरवून पाहावे. काटा अनंतावर गेला नाही तर ओल तुमच्या वायरीत आहे, मोटारीत नाही. केबलच्या टोकांना कोरडे फडके मारावे आणि गार्डचे टर्मिनल असेल तर ते वापरावे; पृष्ठभागावरून झिरपणारी वीज मग मापात येत नाही. प्रत्येक आकड्याशेजारी तापमान आणि पाऊस होता की ऊन, हे लिहावे. तापमान दहा अंश वाढले की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो. नोंद नसलेला आकडा पुढच्या वर्षी तुलनेला निरुपयोगी.

टाळावे: सोलर कंट्रोलर, एलईडीचा ड्रायव्हर किंवा कुठलाही बोर्ड जोडलेला असताना मेगर फिरवणे. ५०० व्होल्ट त्यांच्यासाठी नाहीत. माप झाल्यावर लांब केबल डिस्चार्ज केल्याशिवाय तिला हात लावू नये.

टाळावे: स्कोपची अर्थ पिन कापून त्याला 'फ्लोट' करणे. हे ज्याला कोणी शिकवले असेल त्याने ते विसरावे. प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या पत्र्याला जोडलेली असते. अर्थ कापून ती क्लिप फेजला लावली की सगळा पत्रा, सगळी बटने, तुमचा हात, सगळे फेजवर. दुरुस्तीच्या यंत्राला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा किंवा डिफरन्शियल प्रोब घ्यावा. स्कोपचे अर्थ जिथल्या तिथे राहिले पाहिजे.

करावे: दहा पटीचा प्रोब प्रत्येक वेळी स्कोपच्या पुढच्या पट्टीवरच्या चौकोनी लाटेला (बहुधा १ किलोहर्ट्झ) लावून त्याचा छोटा स्क्रू जुळवावा. कोपरे सपाट हवेत. गोलही नकोत, टोकदारही नकोत.

यंत्र उघडल्यावर

करावे: स्क्रू काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. स्क्रू आप्पेपात्रात ठेवावेत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. जुन्या आप्पेपात्राचा यापेक्षा चांगला उपयोग मला सापडलेला नाही.

करावे: आधी डोळा, मग नाक, मग मीटर. फुगलेले कपॅसिटर, काळा पडलेला रेझिस्टर, करपल्याचा वास, माशाच्या वासासारखा इलेक्ट्रोलाइटचा वास. त्यानंतर पॉवर सप्लायचे प्रत्येक व्होल्टेज, आणि त्या व्होल्टेजवरचा रिपल. पुढचा बिघाड शोधण्यात दोन दिवस घालवण्याआधी हे वीस मिनिटांचे काम नेहमी करावे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेत लवकर वाळतो: तापमान दहा अंश वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे. म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकच्या शेजारचे कपॅसिटर आधी बघावेत, आणि ईएसआर मीटरने बघावेत. धारिता ठीक दाखवणारा कपॅसिटरही आतून वाळलेला असू शकतो.

'रिफा' कंपनीच्या कपॅसिटरवर मला थोडे थांबायचे आहे, कारण आमच्या हवेत तो ठरलेला बिघाड आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आणि त्यानंतरच्याही अनेक युरोपी-अमेरिकी यंत्रांत मेन्सच्या दोन तारांमध्ये पिवळसर, पारदर्शक आवरणाचा कागदी कपॅसिटर असतो. कालांतराने त्या आवरणाला बारीक तडे जातात, आतला कागद हवेतली ओल ओढतो, आणि एके दिवशी यंत्र चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो फुटतो. खोलीभर दाट, घाण वासाचा धूर. मालक घाबरतो, यंत्र भंगारात देतो. खरे तर बहुतेकदा बाकी यंत्राला धक्काही लागलेला नसतो. काही रुपयांचा एक्स-टू दर्जाचा पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर लावला की काम झाले. म्हणून जुने यंत्र विकत आणले की ते चालू करण्याआधीच हे कपॅसिटर काढून टाकावेत. फुटायची वाट पाहू नये. जागी साधा फिल्म कपॅसिटर लावू नये. मेन्सवर एक्स आणि अर्थकडे वाय, हा दर्जा पाळलाच पाहिजे, कारण तिथे जीव असतो.

करावे: दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब घालावा. आपल्या प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, तोच. शॉर्ट असेल तर बल्ब भरून पेटेल, यंत्र वाचेल.

टाळावे: स्विचिंग सप्लायचे यंत्र डिमरस्टॅटने हळूहळू वर आणणे. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राला ते चालते. स्विचिंग सप्लाय मात्र कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो आणि तिथेच जळू शकतो.

करावे: मोठा कपॅसिटर काही हजार ओहमच्या, पाच-दहा वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करावा आणि नंतर मीटरने बघावा. २३० व्होल्टच्या मेन्सवरून भरलेल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कडकडाट करणारे पाहिले आहेत. त्यात कपॅसिटर जातो, स्क्रूड्रायव्हर जातो, कधी डोळा जातो. पिक्चर ट्यूबच्या जुन्या स्कोपमध्ये दहा हजार व्होल्टांहून जास्त दाब असू शकतो. तिथे एक हात खिशात, आणि घरात दुसरे कोणी तरी असताना.

टाळावे: मेमरीची बॅटरी विचार न करता काढणे. टेक्ट्रॉनिक्सच्या २४६५बी स्कोपमध्ये किंवा एचपीच्या ३४५८ए मीटरमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरी लपवलेल्या एका चिपमध्ये असतात. बॅटरी संपली किंवा आकडे न उतरवता चिप बदलली की ते गेले, आणि यंत्र धडधाकट असूनही अंदाजाचे झाले. आधी आकडे वाचून दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत, मगच चिपला हात लावावा. त्याच २४६५बीच्या कंट्रोल बोर्डावरचे छोटे सरफेस माउंट कपॅसिटर झिरपतात. उघडलाच आहे तर तेही बघून घ्यावेत.

टाळावे: एखादा ट्रिमर 'थोडासा फिरवून बघणे'. यंत्र चुकीचे माप देत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळी दोष भागात असतो, जुळणीत नसतो. ट्रिमर फिरवला की मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर नवा दोष चढतो. फिरवावाच लागला तर आधी शाईने खूण, मग वहीत नोंद.

करावे: साठच्या दशकातला टेक्ट्रॉनिक्सचा स्कोप हाती आला आणि आत पांढऱ्या चिनी मातीच्या खाचांच्या पट्ट्या दिसल्या, तर तिथे साधे सोल्डर वापरू नये. त्या खाचांना चांदीचा थर आहे. साधे कथील-शिसे तो विरघळवते आणि पट्टी निकामी करते. तीन टक्के चांदीचे सोल्डर लागते. टेक्ट्रॉनिक्स त्याचे एक लहान रीळ यंत्राच्या आतच ठेवत असे. अजूनही काही यंत्रांत ते तसेच सापडते. त्या माणसांनी तीस-चाळीस वर्षांनंतरच्या दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केला होता.

साफसफाई

करावे: स्विच आणि पोटेन्शिओमीटरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर थेंबाने, फवाऱ्याने नाही. मग बटन वीस-तीस वेळा फिरवावे.

टाळावे: खोबरेल तेल, शिवणयंत्राचे तेल, डब्ल्यूडी-४०. बटन दोन दिवस गुळगुळीत फिरते, मग धूळ धरते आणि स्कोपचा अटेन्युएटर कायमचा चुकतो.

टाळावे: मीटरच्या काचेला थिनर किंवा पेट्रोल. ती काच नसते, प्लॅस्टिक असते. काट्याच्या मीटरची काच कोरड्या फडक्याने घासू नये. स्थिर वीज धरून काटा अडकतो. तोंडाने वाफ दिली की सुटतो.

टाळावे: चूल, शेगडी किंवा उदबत्तीशेजारी अल्कोहोलने साफसफाई.

टाळावे: मोठ्या किमतीच्या रेझिस्टरला आणि मेगाओहमच्या भागांना उघड्या बोटांनी हात. बोटाचे तेल आणि घाम म्हणजे ओलीला बसायला पाट.

कॅलिब्रेशन

करावे: वर्षातून एकदा मुख्य मीटर एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. मुंबईत १९६९ मध्ये उभी राहिलेली चुनाभट्टीची 'इडेमी' आहे, अंधेरीच्या एमआयडीसीत ईआरटीएल पश्चिम आहे, इकडून बंगळूर तर त्याहून जवळ. त्यांची मापे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जोडलेली असतात. २० मे २०१९ पासून जगभर व्होल्ट हा प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या ठरवून दिलेल्या किमतींना बांधलेला आहे. उळवीतल्या पिशवीतला मीटर त्या साखळीचा शेवटचा दुवा असतो.

करावे: वर्षभराच्या मधल्या काळासाठी घरी एक साक्षीदार ठेवावा. एक चांगली दहा व्होल्टची रेफरन्स चिप, ०.०१ टक्क्याचे एक हजार आणि दहा हजार ओहमचे रेझिस्टर, बंद डब्यात. महिन्यातून एकदा मीटरने ते मोजावेत आणि तारीख, तापमान, आकडा वहीत लिहावा. आकडा हळूहळू सरकत गेला तर मीटर सांगतोय. एकदम उडी मारली तर काहीतरी तुटले आहे. दोन मीटर असतील तर दोन्हींनी. घड्याळे दोन असली की कोणते चुकते ते कळत नाही, पण चुकते आहे हे कळते.

करावे: माप घेण्याआधी यंत्र तापू द्यावे. साध्या टेबलावरच्या मीटरला अर्धा तास, एचपीच्या ३४४०१एला एक तास, ३४५८एला चार तास.

टाळावे: कॅलिब्रेशनचे स्टिकर पाहून निश्चिंत होणे. स्टिकर त्या दिवसाचे असते. त्यानंतर मीटर खाली पडला, पाण्यात भिजला, कडकडाट सोसला, तर स्टिकर संपले.

ने-आण

करावे: दांडेलीच्या बसमध्ये यंत्र मांडीवर घ्यावे. काट्याचा मीटर असेल तर स्विच ऑफवर किंवा दोन टोके शॉर्ट करून ठेवावीत. त्यामुळे काट्याला लगाम बसतो आणि तो आपटत नाही.

टाळावे: बसच्या टपावर, पावसाच्या दिवशी, फक्त पोत्यात बांधून.

माघात उळवीला चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या येतात, माळावर दिव्यांच्या माळा ओढल्या जातात, रात्रीच्या दवात वायरी जमिनीवरून जातात, आणि त्यांच्यावरून मुले धावतात. त्या वायरी तपासणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: जत्रेच्या आठवडाभर आधी आपला मीटर आणि त्याच्या दोन्ही वायरी घेऊन या. साक्षीदाराशी लावून बघू, फ्यूज बघू, वायरी ओढून बघू. पाच मिनिटांचे काम आहे. त्याचे पैसे मी घेत नाही.